पोलीस, बंब, १०८, महसूल, होमगार्ड... सगळ्यांचं मिळून एकच खातं करावं का?

मांजराकाठचा
नमस्कार मंडळी. विषय जरा सरकारी वाटंल, पण आपल्या जिवाशी आहे म्हणून धागा काढतोय.

२०२५ च्या ऑगस्टात मुखेडकडं आणि सप्टेंबरात धाराशिव-बीड-लातूरकडं पुरानं जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय. लष्कर आलं, हेलिकॉप्टर आलं, एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं आपत्ती दल आलं. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या तासांचा आहे. ओढ्याला पाणी चढायला लागलं की फोन करायचा कुणाला? पोलीस गृह खात्याचे. बंब नगरपालिकेचा म्हणजे नगरविकास. १०८ आरोग्याची. धरणाचं दार जलसंपदावाले उघडणार. कंट्रोल रूम आणि मागून होणारा पंचनामा महसूलचा. होमगार्ड परत गृह. पूल खचला तर बांधकाम नाहीतर झेडपी, तार तुटली तर महावितरण. प्रत्येकजण आपल्या साहेबाला विचारणार, तो साहेब त्याच्या साहेबाला, तोवर इकडं दावणीची जनावरं गेलेली असतात वाहून.

माझं म्हणणं सरळ आहे. एक खातं, एक मंत्री, एक सचिव, जिल्ह्याला एक अधिकारी. त्याच्या हाताखाली बंब, बोटी, अँब्युलन्स, होमगार्ड, आपदा मित्र म्हणजे ट्रेनिंग दिलेले स्वयंसेवक, सगळं. गुन्ह्याचा तपास राहू द्या पोलिसांकडं, पण संकटाच्या वेळचं सगळं एका छताखाली आणा. बाहेरच्या देशात असं करतात म्हणे. तुम्हाला काय वाटतं? अनुभव टाका, नुसत्या शिव्या नको.

टवाळ_परभणीकर
चांगलंच की. आता आठ जण म्हणतेत 'आमच्याकडं येत नाही', मग एकच जण म्हणेल. तेवढीच स्टेशनरी वाचंल.

नाथसागर
पहिला! (टवाळाला धरत नाही)

जेवून येतो, मग सविस्तर लिहितो.

निवृत्त_नायब
खात्यांचं वाटप तुम्ही बरोबर लिहिलंय, पण कायद्यानं हे सगळं आधीच एकत्र बांधलेलं आहे ते लोकांना माहीत नसतं. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा बघा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष झेडपीचे अध्यक्ष, त्यात एसपी आहेत, आरोग्याचे अधिकारी आहेत. कलम ३४ वाचा. कुठल्याही खात्याकडं किंवा नगरपालिकेकडं जे साधन असेल ते वापरायला काढा म्हणून सांगायचं, रस्ता बंद करायचा, माणसं हलवायची, सगळे अधिकार त्यात दिलेत. कलेक्टरनं बंब मागितला आणि मुख्याधिकाऱ्यानं नाही म्हटलं असं कायद्यानं होऊच शकत नाही.

अधिकार पुरे आहेत, माणूस पुरत नाही. जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन अधिकारी म्हणून एकच जण, तो पण बऱ्याच ठिकाणी कंत्राटी. तालुक्याला तर वेगळा कुणीच नाही. आम्ही १ जूनला तहसीलमधे कंट्रोल रूम सुरू करायचो म्हणजे काय, तर एक टेबल, एक फोन, एक रजिस्टर आणि ज्याची पाळी असेल तो क्लार्क. तोच क्लार्क दिवसा निराधार योजनेचे अर्ज बघायचा. रात्री अकरा वाजता फोन आला की तो आधी मला उठवायचा, कारण बोटीची चावी कुठं आहे ते त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं. खातं एक करा नाहीतर दहा करा, ती चावी कुणाच्या खिशात आहे ते आधी ठरवा.

बाकी गावात बघाल तर पोलीस पाटलाची नेमणूक प्रांत करतात, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली, आणि तो बातमी ठाण्यालाही देतो आणि तहसीललाही. म्हणजे खाली हे एकत्रच चाललेलं आहे. भांडण सगळं वरच्या मजल्यावर.

मांजराकाठचा
काका, कायद्यात आहे ते मान्य. पण मग दरवेळी लष्कराची वाट बघत का बसावं लागतं?

फौजी_बीड
त्याचं उत्तर अंतरात आहे भाऊ. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. तिथून लातूर-नांदेडकडं यायचं म्हणजे चांगल्या रस्त्यानं सुद्धा सहा-सात तास धरा, आणि पावसात रस्ता चांगला कुठून असणार. राज्याची एसडीआरएफ धुळे आणि नागपूरला. मधे आख्खा मराठवाडा, आठ जिल्हे, शहात्तर तालुके. छत्रपती संभाजीनगरला लष्कराची छावणी आहे म्हणून मुखेडला लष्कराची तुकडी तिथून येऊ शकली.

आता गंमत बघा. जालन्याला एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलिसांचा, गट क्रमांक ३, हिंगोलीला गट १२. मैदान आहे, बराकी आहेत, शिस्तीतली तरणी पोरं आहेत. त्यातली एकेक कंपनी पाण्यातलं आणि ढिगाऱ्यातलं शिकवून कायमची त्याच कामाला ठेवली तर अर्ध्या मराठवाड्यात दोन-तीन तासांत माणूस पोचतो. त्याला नवं खातं कशाला लागतं?

लालबंब
मी एका नगरपालिकेच्या अग्निशमनमधे आहे, गाव सांगत नाही, साहेब लोक बी वाचतेत.

फौजी भाऊंचं पटतंय, पण एसआरपीएफची पोरं म्हणजे आज पूर, उद्या निवडणूक, परवा गणपतीचा बंदोबस्त. त्यांना फिरवतच राहणार. आमचं दुखणं वेगळंय. मांजराकाठचा म्हणतोय तसं सगळ्यांचं एक खातं नको, पण निदान अग्निशमन तरी राज्याचं करा. आज प्रत्येक नगरपालिकेचा बंब वेगळा. भरती वेगळी, पगार वेगळा, अर्धे कंत्राटी. संचालनालय आहे मुंबईत सांताक्रूझला, ट्रेनिंग देतेत, सर्टिफिकेट देतेत, पण आमची बदली, बढती, बूट सगळं पालिकेच्या तिजोरीवर. पालिकेकडं दिवाबत्तीला पैसे नसले की आमच्या पाईपला कुठून असणार.

आणि खेड्याचं तर विचारूच नका. ऊस पेटला तर कारखान्याचा बंब येतो, कडब्याची गंज पेटली तर टँकरवाला येतो. आमची हद्द पालिकेपुरती. बाहेर जायचं तर मुख्याधिकाऱ्याला फोन, मग डिझेल कुणाच्या नावावर टाकायचं ती चर्चा. पाच-सात किलोमीटरवर कापसाचं जिनिंग जळत होतं आणि आम्ही गेटात इंजिन चालू ठेवून उभे. ती रात्र डोक्यातून जात नाही.

देगलूरकर
लालबंबला जोरदार अनुमोदन. आमच्या पलीकडं बघा. आंध्र आणि तेलंगणात अग्निशमन राज्याचं खातं आहे, आणि त्याच्या नावातच आता आपत्ती प्रतिसाद घातलंय. कर्नाटकात पण अग्निशमन व आपत्कालीन सेवा राज्याचीच. त्या तिकडच्या बोधन, बिदरला बंब राज्य सरकारचा, आणि इकडं देगलूर-उदगीरला पालिकेचा. जमीन तीच, पाऊस तोच.

पण म्हणून खातं एक केल्यानं पूर समजतो असं बी नाही हां. आमच्याकडचा पूर दुसऱ्या राज्याच्या परवानगीनं येतो. श्रीराम सागर धरणाचं, आपल्या भाषेत पोचमपाडचं, बॅकवॉटर धर्माबाद-बिलोलीच्या शिवारात चढतं. लेंडी प्रकल्प दोन राज्यांचा. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे. मुंबईत तुम्ही कितीही खाती जोडा, निजामाबादचा इंजिनिअर काय तुमच्या खात्यात येणार नाही. मुखेडला १८ ऑगस्टला हसनाळ, रावणगाव पाण्यात गेलं तेव्हा लोक झोपेत होते. त्यात कोणतं खातं कमी पडलं त्यावर अजून चहाच्या टपरीवर भांडणं चालतेत.

परांड्याची_लेक
मला एकच सांगायचंय. सीनेच्या काठचं गाव आहे माझं माहेर. सप्टेंबरात पाणी आलं तेव्हा भावानं एका हेल्पलाईनला फोन लावला. तिकडच्या पोरीनं अगदी गोड आवाजात विचारलं, 'सर, जवळची खूण सांगा'. तो म्हणाला मारुतीचं देऊळ. ती म्हणाली ठीक आहे, देवळाजवळ थांबा. अगं बाई, देवळाचा कळसच तेवढा दिसायलाय!

शेवटी शेजारच्या गावचे भोई आले. त्यांनी माणसं काढली, म्हाताऱ्यांना काहिलीत बसवून आणलं. काहील म्हणजे गुळाची, गुऱ्हाळातली. लाईफ जॅकेट नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं त्याचे फोटो आले. भोयांचे कुणी काढले नाहीत.

तुमच्या एक खात्यात भोयांना कुठं बसवणार ते सांगा, मग मी मत देते.

टवाळ_परभणीकर
ताई, भोयांना समितीवर निमंत्रित सदस्य म्हणून बसवतील. बैठक भत्ता मिळणार नाही, चहा मिळंल.

नाथसागर
जेवून आलो, झोप बी झाली. आता लिहितो.

पैठणचं सांगतो. नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाला, २७ दरवाजे, १८ नेहमीचे आणि ९ आपत्कालीन. २८ सप्टेंबरला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या आसपास गेला. २००६ ला आमच्या शहरात गोदावरी घुसली होती त्याची आठवण सगळ्यांना आहे, त्यामुळं या वेळी लोक ऐकत होते. दरवाजा किती फूट उचलायचा ते जलसंपदा ठरवते. किती माणसं हलवायची ते महसूल. घरातून बाहेर काढायला पोलीस आणि नगरपालिका. आणि या वेळी ते बऱ्यापैकी जमलं, खोटं कशाला बोलू. हजारो माणसं सखल भागातून हलवली. का जमलं? कारण धरणावरचा इंजिनिअर, तहसीलदार, पीआय आणि सीओ एका व्हॉट्सॲप ग्रुपात होते आणि दर तासाला आकडा पडत होता. खाती चार, ग्रुप एक.

जिथं जमत नाही ते खाली. पैठणला पाणी सोडलं ते पाथरी, गंगाखेड, नांदेडला कधी पोचणार याचा हिशोब गावच्या माणसाला कुणी सांगत नाही. एक लाख क्युसेक म्हणजे आपल्या वावरात किती? त्याला क्युसेक नको, त्याला 'महादेवाच्या देवळाच्या पायरीला लागंल, रात्री दोन वाजता' असं सांगा. धरणं पण एक नाही. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, विष्णुपुरी, अशी बंधाऱ्यांची रांग आहे, प्रत्येकाचं दार वेगळं. एक खातं करायचंच असलं तर गोदावरीच्या पाण्याचा निरोप खाली देणारं करा.

कोरडवाहू
सगळे पुरावर बोलायलेत म्हणून मुद्दाम लिहितो. मराठवाड्याची आपत्ती कोणती? दहा वर्षांत सात वर्षं तरी आपण पाण्यावाचून बोंबलत असतो. दुष्काळाला सायरन नसतो, हेलिकॉप्टर नसतं. ७२ चा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लातूरचं २०१६ आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगन झाल्या. त्याच्या आधी मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, १४४ कलम. पाणी भरायला पोलीस बंदोबस्त!

आता हेच बघा. संकटाचं खातं पोलिसांच्या, बंबांच्या, वर्दीच्या खात्यात घातलं की ते खातं धावपळीच्याच संकटाला संकट म्हणणार. जे हळू येतं, सहा महिने चालतं, ज्यात टँकर, चारा छावणी, रोहयोची कामं, मजुरी, कर्जवसुलीची स्थगिती असतं, ते कुठल्या वर्दीवाल्याला जमणार? ते महसूललाच जमतं, कितीही शिव्या द्या त्यांना. मांजराकाठचा, तुमच्या नावातच मांजरा आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं तेव्हा तुमचं एक खातं काय करणार होतं, कोरड्या धरणात बोट घालणार?

मांजराकाठचा
कोरडवाहू भाऊ, राग कमी करा हो. दुष्काळ महसूलकडं राहू द्या की. मी अचानक येणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतोय, पूर, भूकंप, वीज, आग.

कोरडवाहू
राग नाही देवा. पण मग ते एक खातं कुठं राहिलं? दोन झाली की.

ऑस्टिनवासी_औसेकर
धाग्यात कुणीतरी 'बाहेर देशात करतात' म्हटलं म्हणून लिहितो. मूळ औशाचा, आता टेक्सासात. इथं हा प्रयोग करून झालाय.

अमेरिकेत फेमा म्हणून संकटाचं केंद्र सरकारी खातं आहे. आधी स्वतंत्र होतं, त्याचा प्रमुख थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तर द्यायचा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००३ मधे बावीस संस्था जोडून देशांतर्गत सुरक्षेचं एक मोठं खातं केलं आणि फेमा त्यात घातली. अगदी मांजराकाठचा म्हणतायत तसंच, एक छत. झालं काय, तर सगळं लक्ष आणि पैसा अतिरेकी हल्ल्याच्या तयारीकडं वळला, पूर-वादळाची जुनी माणसं कंटाळून सोडून गेली. २००५ च्या ऑगस्टात कट्रीना वादळ आलं, न्यू ऑर्लिअन्स बुडलं, हजाराहून जास्त माणसं गेली, आणि मदत कुणी पाठवायची यावर दिवस गेले. दुसऱ्या वर्षी कायदा बदलून फेमाला त्याच खात्यात ठेवून जास्त अधिकार दिले, संकटाच्या वेळी प्रमुखाला थेट राष्ट्राध्यक्षांशी बोलता येईल असं केलं. म्हणजे एकत्र केलं, मग त्यातल्या त्यात परत अर्धं सुटं केलं.

आणि आमच्या टेक्सासचं तर अजून भारी. इथं राज्याचं आपत्ती व्यवस्थापन पोलिसांच्या, म्हणजे सार्वजनिक सुरक्षेच्या खात्यात होतं. २०१९ मधे ते तिथून काढलं आणि कुठं दिलं असेल? एका विद्यापीठाच्या समूहाला! टेक्सास ए अँड एम. शेतीचं, इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, राज्यभर गावोगाव त्यांची विस्तार केंद्रं. कल्पना करा परभणीच्या कृषी विद्यापीठाला पुराचं काम दिलं तर.

टवाळ_परभणीकर
आम्हाला देऊच नका. आमच्याकडं पूर आला तर आधी त्याची लागवडीची शिफारस निघंल.

फौजी_बीड
औसेकर, माहिती लई कामाची दिली. याचा अर्थ मी असा काढतो की नुसता बोर्ड कुणाच्या दारावर लावला यानं काही होत नाही. एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, २०१० मधे इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीमची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात लिहिलंय की घटना घडली की एक इन्सिडेंट कमांडर, त्याच्या हाताखाली ऑपरेशन, नियोजन, रसद असे विभाग, मग माणूस कुठल्याही खात्याचा असो. आम्ही फौजेत हेच करतो. इंजिनिअर्स वेगळे, सिग्नल वेगळे, मेडिकल वेगळं, पगाराला वेगवेगळे आणि मैदानात एकच हुकूम. पण त्याच्यासाठी वर्षभर सराव लागतो. तुमच्या तालुक्यात शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं, कुणी सांगा.

लालबंब
आमच्याकडं झालं. फोटो काढून संपलं. ड्रिलमधे जखमी झालेला माणूस आमचाच वॉचमन होता, तो अँब्युलन्स यायच्या आधी उठून चहाला गेला.

अंबडची_माई
वीज पडून मरणाऱ्यांचं कुणी लिहीना. आमच्या भागात दरवर्षी मे-जूनात रानात काम करणारी बाईमाणसं जातात. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहे म्हणे, पण कापूस लावताना मोबाईल झाडाखालच्या पिशवीत असतो. गावातल्या देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं तर ऐकू तरी येतं. त्या एका खात्यात भोंगा कुणाकडं?

निवृत्त_नायब
माई, भोंगा ग्रामपंचायतीकडं किंवा देवळाच्या कमिटीकडं, आणि निरोप कोतवालाकडं. दवंडी गेली, आता भोंगा. काम तेच.

उस्मानाबादी_शेळी
धागा चांगलाय पण मला एक कळत नाही. ६५ मिमीच्या वर पडला तरच अतिवृष्टी, आणि पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावात. आमच्या गावात ढगफुटी आणि मंडळाच्या गावात तीस मिमी. मग आम्ही काय करायचं? कोणतं खातं एक केल्यावर तो डबा आमच्या गावात येईल?

टवाळ_परभणीकर
तो डबा बँकेच्या गच्चीवर ठेवा, हप्ता भरला की पाऊस नोंदवतो.

उस्मानाबादी_शेळी
आणि पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं एकत्र यायचे. आता त्यांची नावं बदलली, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. तिघंही अधिकारी झाल्यामुळं आता एकत्र कोण कुणाकडं जाणार हा नवा प्रश्न.

धागा_राखणदार
मंडळी, पीकविमा आणि पर्जन्यमापकावर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं विलीनीकरणावरच बोला. (शेळीदादा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तिकडं.)

किल्लारीकर_जुना
मी वाचतच होतो, लिहायचं नव्हतं.

१९९३ चा भूकंप, ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी विसर्जन, लोक थकून झोपलेले. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती, वर माळवदाची माती. ती माती अंगावर आली. पहिला हात आम्हीच एकमेकांना दिला, कारण बाहेरचं कुणी नव्हतंच, उमरग्याकडून, सोलापूरकडून, लातूरकडून माणसं उजाडल्यावर यायला लागली. मग लष्कर आलं, मग सगळं जग आलं. कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडले होते आणि ढिगारा उपसायला पहार मिळत नव्हती.

किल्लारीनंतरच राज्यात जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती आराखडे करायला घेतले, कंट्रोल रूम आली, पुढं २००५ चा कायदा आला. म्हणजे हे जे सगळं तुम्ही जोडायचं म्हणताय ते आमच्या मातीतून उगवलंय. मला विचाराल तर त्या वेळी जे चाललं ते एवढ्यामुळं चाललं की मुख्यमंत्र्यांपासून कलेक्टरपर्यंत निर्णय जागेवर होत होते आणि कुणी फाईल मागत नव्हतं. खातं कोणतं हे कुणी विचारलं नाही. पण ती घाई दोन-चार महिने टिकते. मग घरं वाटायची वेळ आली की सगळी खाती आपापल्या शिक्क्यासह हजर. पुनर्वसन पुढं कित्येक वर्षं चाललं.

एवढंच म्हणतो, जीव वाचवणारा आणि पैसे वाटणारा एकाच खुर्चीत बसवू नका. पंचनाम्याची भीती आणि मोह त्याला आधीच्या रात्री पण आवरत नाही.

नाथसागर
किल्लारीकर काका, हे शेवटचं वाक्य कळलं नाही. उलट तोच माणूस असला तर त्याला गाव माहीत असतं ना?

किल्लारीकर_जुना
गाव माहीत असतं, खरंय. पण कोणतं गाव 'बाधित' धरायचं यावर उद्या तालुक्यात भांडण होणार हे ज्याला माहीत असतं, तो आज रात्री बोट कुठं पाठवायची ते नुसत्या पाण्याकडं बघून ठरवत नाही. मी बघितलंय. नाव घेत नाही.

निवृत्त_नायब
हे मला झोंबलं. सगळे तसे नसतात. माझ्या तालुक्यात बोट पाणी बघूनच जायची.

देगलूरकर
काका, एक बोट होती म्हणून. दोन असत्या तर भांडण झालं असतं. (गंमत)

परांड्याची_लेक
ओरिसाचं कुणी लिहीना म्हणून लिहिते, नवऱ्याची बदली होती तिकडं. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहाएक हजार माणसं गेली तिकडं, म्हणजे जवळपास आपल्या किल्लारीएवढी. त्याच वर्षी त्यांनी आपत्तीचं वेगळं प्राधिकरण काढलं. बचावाच्या तुकड्या मात्र राज्याच्या सशस्त्र पोलिसांतूनच तयार केल्या, पोलीस पोलिसच राहिले. आणि गावोगाव निवारे बांधले, एरवी तिथं शाळा भरते. २०१३ ला फायलिन वादळ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली आणि मेलेली काही डझनांत. खाती जोडली नाहीत त्यांनी. निवाऱ्याची चावी गावातल्या बाईकडं असते हे मी डोळ्यानं बघितलंय. निवृत्त काका, तुमच्या चावीचं उत्तर तिकडं आहे.

मांजराकाठचा
वा. ताई, हे भारी.

माझं मत आता सांगतो. वरचं खातं एक करण्याचा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवतो, कोरडवाहू आणि औसेकरांचं ऐकून. पण एक गोष्ट सोडणार नाही. जिल्ह्याला आणि तालुक्याला कंट्रोल रूम एकच पाहिजे, बारा महिने, आणि त्यात पोलिसांचा, बंबाचा, आरोग्याचा, जलसंपदाचा, महावितरणचा एकेक माणूस प्रत्यक्ष बसलेला पाहिजे. फोनवर नाही, शेजारच्या खुर्चीवर. ११२ वर आता पोलीस, बंब, अँब्युलन्स तिन्ही मागता येतात पण फोन लागतो नवी मुंबईत. तिथून आपल्या वाडीचं नाव समजावून सांगता सांगता ताईंच्या भावासारखं होतं. तालुक्यात उचलणारा माणूस आपला पाहिजे, ज्याला कोणतं देऊळ किती बुडतं ते माहीत आहे.

आणि २०२५ ला कायद्यात दुरुस्ती झालीय, महानगरपालिका असलेल्या शहरांना वेगळं शहरी आपत्ती प्राधिकरण करता येतं. आपल्याकडं संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना अशा पाच महापालिका. म्हणजे जोडायचं सोडून अजून पाच वाढणार. आता जिल्ह्याचं कुणाचं आणि शहराचं कुणाचं?

लालबंब
शहराचं आमच्याकडं येणार असलं तर पगाराचं हेड, म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून ते, आधी सांगा. नगरविकास म्हणणार महसूलनं द्या, महसूल म्हणणार पालिकेनं द्या.

कोरडवाहू
मांजराकाठच्या कंट्रोल रूमला माझा पाठिंबा, पण उन्हाळ्यात त्याच खोलीत टँकरचं रजिस्टर पण ठेवा. आणि भूजलवाल्यांची एक खुर्ची.

अंबडची_माई
आणि भोंग्याची वायर.

फौजी_बीड
तालुक्याला महसूलची धरून सात खुर्च्या म्हणजे सात पदं. तीन पाळ्या धरल्या तर एकवीस. गुणिले शहात्तर. वित्त विभाग बघितल्या बघितल्या फाईल परत पाठवंल. पावसाळ्याचे चार महिने सगळ्यांचे आणि बाकीचे आठ महिने दोघंच, असं काहीतरी मागा, तर मिळंल.

टवाळ_परभणीकर
वेगळे राहणारे भाऊ एका घरात आणले की चुली मोजल्या जातात, इथं खुर्च्या मोजायला सुरुवात झाली. एकत्र झालं म्हणायचं.

परांड्याची_लेक
आणि माझ्या भोयांचं राहिलंच. सात खुर्च्यांत एक पण नाही.

निवृत्त_नायब
ताई, भोयांना खुर्ची नको, त्यांना वर्षाचं मानधन आणि चांगल्या बोटी द्या, आणि आपदा मित्रच्या बारा दिवसांच्या ट्रेनिंगला त्यांची पोरं पाठवा. यादी तहसीलमधे असते, नावं द्यायला सांगा. आमच्या वेळी यादीत सगळी कॉलेजची पोरं होती, त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं.

नाथसागर
मी आमच्या भोई गल्लीतल्या पाच पोरांची नावं देतोय या आठवड्यात. बाकीच्यांनी पण आपापल्या तहसीलमधे विचारा यादी कधीची आहे ते. आणि बोट असलीच तर मे महिन्यातच इंजिन चालू करून बघायला लावा, आमच्या इथल्या एकीत गेल्या वर्षी मधमाश्यांनी पोळं केलं होतं.

टवाळ_परभणीकर
ते पोळं कोणत्या खात्यात येतं? वन की फलोत्पादन?

धागा_राखणदार
टवाळ, पुरे. लालबंबच्या पगाराच्या हेडचं कुणाला माहीत असेल तर लिहा, त्याचा प्रश्न तसाच राहिलाय.